वाचताना मूल कुठे अडते, ते आधी पाहू

तिसरीतल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात ‘वाचन कच्चे, लक्ष देत नाही’ असा शेरा येतो आणि घरात दोन मते पडतात. आजी म्हणते, मोठा झाला की येईल. बाबा म्हणतात, मोबाइल काढून घ्या म्हणजे येईल. दोघेही मुलाच्या भल्याचेच बोलत असतात, पण मूल वाचताना नेमके काय करते हे शेजारी बसून कोणी पाहिलेले नसते. पहिले काम तेच. डॉक्टर, चाचणी, प्रमाणपत्र हे सगळे नंतर.

शेजारी बसून ऐका

मुलाच्या इयत्तेच्या एक वर्ष मागचे पुस्तक घ्या आणि त्यातला पाठ न झालेला परिच्छेद निवडा. मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि आपण गप्प राहा. चुकले तरी टोकू नका. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला तर पुढे तज्ज्ञाला ऐकवता येतो.

काही मुले एकेक अक्षर सुटे लावतात. ‘बा’, ‘जा’, ‘रा’, ‘त’ असे म्हणून मग शब्द जुळवतात, आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतात. काही मुले पहिले अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजाने म्हणतात. ‘बाजारात’चे ‘बाजूला’ होते. काही जण भराभर वाचतात, पण मधली ओळ सोडतात, ‘नाही’ हा शब्द गाळतात, शेवटचा प्रत्यय बदलतात. या तीन तऱ्हा वेगळ्या आहेत आणि त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात.

त्याच बैठकीत एक करून पाहा. पुढचा परिच्छेद आपण वाचून दाखवा आणि त्यावर प्रश्न विचारा. स्वतः वाचताना अडखळणारे मूल ऐकून सगळी उत्तरे बरोबर देत असेल, तर त्याची समज शाबूत आहे. अडचण छापील अक्षरांतून शब्दापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर आहे. ऐकूनही उत्तरे येत नसतील, तर भाषा, लक्ष किंवा एकूण आकलन यांकडे पाहावे लागेल.

दुसरे, अर्थ नसलेले चार-पाच शब्द लिहून वाचायला द्या: ‘टमूर’, ‘चिपुडा’, ‘लोगाशी’. ओळखीचे शब्द मूल चेहऱ्याने ओळखते, त्यामुळे पहिली-दुसरीत बरेच झाकून जाते. निरर्थक शब्द मात्र अक्षरे लावूनच वाचावा लागतो.

तिसरे, बाराखडी. ‘क का कि की’ चालीवर म्हणता येणे म्हणजे बाराखडी येणे नव्हे. बाराखडीतली अक्षरे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा, चिठ्ठ्या मिसळा आणि मधलाच ‘कु’ किंवा ‘कै’ समोर ठेवा. तो ओळखण्यासाठी मूल मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणू लागले, तर ते चिन्ह आणि आवाज यांची जोडी अजून पक्की झालेली नाही, असे समजावे.

वाचन घडते कसे

बोलणे मूल घरातल्या माणसांत वावरता वावरता शिकते. वाचन तसे येत नाही. लेखनाचा शोध जेमतेम पाच हजार वर्षांचा आहे, त्यामुळे जन्मतः मेंदूत वाचनासाठी राखून ठेवलेली जागा नसते. स्टॅनिस्लास देहान या फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञाने दाखवून दिले आहे, की वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलाच डाव्या बाजूचा एक तुकडा सरावाने अक्षरे ओळखायला शिकतो आणि बोलण्या-ऐकण्याच्या केंद्रांशी जोडला जातो. ही जोडणी शिकवण्यातून आणि सरावातून होते.

या जोडणीचा पहिला टप्पा कानाचा. शब्द छोट्या आवाजांचा बनलेला आहे, हे मुलाला जाणवावे लागते. ‘गाडी’तला ‘गा’ काढून ‘सा’ लावला तर काय होईल, याचे उत्तर मूल कागद न पाहता देऊ शकले की ही जाण आली. तज्ज्ञ हिला ध्वनिजाणीव म्हणतात. दुसरा टप्पा चिन्ह आणि आवाज यांची जोडी जमण्याचा. तिसरा वेगाचा, म्हणजे शब्द पाहताक्षणी तोंडात येण्याचा. चौथा अर्थाचा. तिसरा टप्पा जमला नाही, तर मनाची सगळी ताकद अक्षरे लावण्यातच खर्च होते आणि अर्थासाठी काही उरत नाही.

आपली देवनागरी बऱ्याच अंशी जशी लिहिली जाते तशीच वाचली जाते, हा मराठी मुलाचा मोठा फायदा. इंग्रजीत ‘सी’ हे अक्षर ‘सिटी’त ‘स’ होते आणि ‘कप’मध्ये ‘क’. पण देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी आहेत आणि त्यांकडे फार कमी लक्ष दिले जाते. ‘कि’मध्ये इकार उच्चारात मागून येतो, पण लिहिला जातो आधी. ‘गर्दी’त ‘र’ ऐकू येतो ‘द’च्या आधी, रफार मात्र ‘दी’च्या डोक्यावर बसतो. ‘चक्र’, ‘अर्क’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या चार शब्दांत जोडाक्षरातला ‘र’ चार रूपांत दिसतो. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व यांत फरक एवढ्याशा रेषेचा. ‘चाक’ आणि ‘चित्र’ यांतले ‘च’ पाहा: दिसायला एक, पण उच्चारात वेगळे, आणि ते वेगळेपण लिहून दाखवायला चिन्हच नाही.

अक्षरांची संख्याही मोठी. मूळ अक्षरे पन्नासच्या आसपास, पण बाराखडी आणि जोडाक्षरे धरली की मुलाला ओळखाव्या लागणाऱ्या आकृत्या काहीशेंवर जातात. सोनाली नाग यांनी कन्नडमध्ये केलेल्या अभ्यासातून दिसले, की अशा लिपीतली अक्षरे पुरती आत्मसात व्हायला मुलांना प्राथमिक शाळेची बरीच वर्षे लागतात. तेव्हा दुसरीतल्या मुलाला जोडाक्षर अडले म्हणून घाबरू नये. चौथीत साधा उकार-वेलांटीचा शब्द अडत असेल, तर थांबूही नये.

वाचनाची अडचण कशी ओळखावी

बुद्धी सर्वसाधारण, कान-डोळे ठीक, शाळेत नियमित हजेरी आणि नीट शिकवणे, एवढे सगळे असूनही शब्द अचूक आणि सफाईने वाचता न येणे याला डिस्लेक्सिया म्हणतात. लिहिण्यातल्या अशा अडचणीला डिसग्राफिया आणि आकडेमोडीतल्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया. तिन्हींना मिळून अध्ययन अक्षमता म्हटले जाते. डिस्लेक्सियाची नोंद काही नवी नाही. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने 1896 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका 14 वर्षांच्या हुशार मुलाविषयी लिहिले होते. त्या मुलाला बाकी सारे येत होते, फक्त लिहिलेला शब्द वाचता येत नव्हता.

‘तारे जमीं पर’ या 2007 च्या चित्रपटामुळे हा शब्द घरोघरी पोहोचला, त्याचे मोल मोठे आहे. मात्र त्यातल्या नाचणाऱ्या अक्षरांमुळे अनेकांचा समज झाला, की दोष डोळ्यांत असतो किंवा अक्षरे उलटी दिसतात. बहुतेक मुलांत मूळ अडचण कानाने ऐकलेल्या आवाजांची फोड करण्याची असते. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षर उलटे काढणे तर सगळ्याच मुलांत दिसते.

मराठीतून शिकणाऱ्या मुलांत आणखी एक फसगत होते. लिपी नियमित असल्यामुळे डिस्लेक्सिया असलेले मूलही चौथी-पाचवीपर्यंत बहुतेक शब्द बरोबर वाचू लागते, पण फार सावकाश. जर्मन आणि इटालियन मुलांत अभ्यासकांना नेमके हेच आढळले: चुका कमी, वेग अगदी मंद. चुका मोजणारा शिक्षक अशा मुलाला पास करतो. म्हणून किती बरोबर वाचले यासोबत किती वेळात वाचले, हेही पाहा. फळ्यावरचे उतरवून होत नाही, वही नेहमी अर्धी असते, परीक्षेत येत असूनही पेपर सुटतो, या तक्रारींमागे पुष्कळदा हा वेगच असतो.

एक काळजी घ्यावी. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणे, ‘शाळा’ला ‘साळा’ म्हणणे ही वाचनाची चूक नव्हे, ती घरची बोली आहे. घरी अहिराणी, गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकातली मराठी त्याला अर्धी परकी असते. त्याला वेळ आणि भाषा द्यायला हवी; अक्षमतेचा शिक्का द्यायला नको.

लक्ष न लागणे ही वेगळी गोष्ट

‘क्रिकेटची मॅच तीन तास बघतो, मग अभ्यासालाच कसे लक्ष लागत नाही?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतात आणि त्याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. ज्याला एडीएचडी म्हणतात त्यात लक्ष मुळात नसते असे नाही. लक्ष हवे तिथे वळवणे, टिकवणे आणि नको तिथून काढून घेणे अवघड जाते. मॅचमध्ये दर चेंडूला काहीतरी घडते, त्यामुळे लक्ष आपसूक ओढले जाते. गणिताच्या वहीत फळ मिळते उद्या किंवा परीक्षेनंतर. तेवढा वेळ स्वतःला धरून ठेवणारी मेंदूतली यंत्रणा या मुलांत उशिरा पिकते. 2007 मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मुलांच्या मेंदूची चित्रे वर्षानुवर्षे घेऊन दाखवले, की एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाह्यावरणाची वाढ त्याच क्रमाने, पण साधारण तीन वर्षे मागून होते.

दुसरी गोष्ट कार्यस्मृतीची, म्हणजे काम करताना मनात तात्पुरते धरून ठेवण्याच्या क्षमतेची. ती ओंजळीसारखी असते. या मुलांची ओंजळ लवकर गळते. ‘दप्तर जागेवर ठेव, हात धू, डबा ओट्यावर ठेव आणि वही घेऊन ये’ या चार सूचनांपैकी पहिली पूर्ण होईपर्यंत बाकीच्या सांडलेल्या असतात. आईला वाटते, मुद्दाम ऐकत नाही.

निदानाच्या अटी कडक आहेत, आणि त्या तशा असणेच योग्य. लक्षणे किमान सहा महिने दिसावीत, वयाच्या 12 वर्षांआधी सुरू झालेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत आणि त्यांमुळे रोजचे जगणे अडावे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या निकषांनुसार दुर्लक्षाच्या नऊ लक्षणांपैकी किंवा चंचलपणा-उतावळेपणाच्या नऊ लक्षणांपैकी मुलांत किमान सहा लागतात. फक्त गणिताच्या तासाला मूल चुळबुळत असेल, तर आधी गणिताकडे पाहावे.

शांत बसून खिडकीबाहेर पाहणारी मुले, विशेषतः मुली, यातून सुटतात. त्या वर्गाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी कोणी तक्रार करत नाही.

दोन्ही अडचणी एकाच मुलात असणे नेहमीचे आहे. फरक कळायला एक खूण उपयोगी पडते. वाचनाची अडचण असलेले मूल आज जिथे अडते तिथेच उद्याही अडते. लक्षाची अडचण असलेले मूल आज बरोबर वाचलेला शब्द उद्या चुकते आणि परवा पुन्हा बरोबर वाचते. गोष्ट ऐकताना, पत्त्यांच्या डावात पाळी येईपर्यंत थांबताना, जेवताना मूल कसे असते तेही पाहा. वाचनाची वेळ सोडून बाकी सगळीकडे ते रमत असेल, तर ‘लक्ष देत नाही’ हा शेरा वाचनाच्या अडचणीचाच परिणाम असू शकतो. जे जमत नाही, त्याच्यापुढे अर्धा तास बसवल्यावर कोणाचेही लक्ष उडते.

चाचणीआधी काय तपासावे

कान आणि डोळे आधी. सर्दी आणि कानाच्या वारंवार होणाऱ्या जंतुसंसर्गामुळे कमी ऐकू येणारी मुले बरीच असतात, आणि बारीक आवाजांतला फरक त्यांना कळत नाही. त्यानंतर झोप. घशामागच्या वाढलेल्या गाठींमुळे रात्री घोरणारे मूल दिवसा चिडचिडे आणि अस्थिर असते. रक्तक्षय आणि थायरॉइड यांची तपासणी साध्या रक्तचाचणीने होते. मूल अचानक काही सेकंद शून्यात पाहते, हाक मारली तरी भान नसते, असे वारंवार होत असेल तर तो अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञच गाठावेत. घरात नुकतेच कोणी गेले असेल, भांडणे चालू असतील, शाळेत कोणी छळत असेल, तरीही मूल असेच दिसते.

मग सगळ्यात मोठा प्रश्न: मुलाला खरोखर वाचायला शिकवले गेले आहे का? आपल्याकडे वाचता न येणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुलांना डिस्लेक्सिया नसतो. त्यांच्या वाट्याला नीट शिकवणे आलेले नसते. शाळा बदलली, माध्यम बदलले, ऊसतोडीला आईवडिलांबरोबर जावे लागले, पहिली-दुसरीची वर्षे हुकली. हे ठरवण्याचा प्रामाणिक मार्ग एकच. तीन-चार महिने रोज अर्धा तास, मुलाच्या खऱ्या पातळीपासून, पद्धतशीर शिकवायचे. ज्याला शिकवले गेले नव्हते, ते मूल झपाट्याने पुढे येते. ज्याची प्रगती तरीही इंचाइंचाने होते, त्याची चाचणी लगेच करावी. ही तीन-चार महिन्यांची पायरी गाळून थेट निदानाकडे धावणे मला योग्य वाटत नाही, आणि तिच्या नावाखाली दोन वर्षे वाट पाहणे तर त्याहून वाईट.

चाचणी कुठे आणि कशी होते

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे आणि त्याच्या तपासणीच्या यादीत अध्ययन अक्षमता आणि एडीएचडी ही दोन्ही नावे आहेत. या कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र निदान केंद्रे उभी झाली आहेत. आपल्या जिल्हा रुग्णालयात त्यांची चौकशी करा. मुंबईत शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय आणि नायर रुग्णालय इथे अध्ययन अक्षमतेची तपासणी होते.

आधी बालरोगतज्ज्ञ शारीरिक तपासणी करतात. नंतर मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे: कामत यांनी 1930 च्या दशकात बिने चाचणीचे रूपांतर मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी केले, आणि भारतीय मुलांसाठीची मालिन यांची चाचणी नागपुरात तयार झाली. त्यानंतर वाचन, लेखन, गणित यांची प्रत्यक्ष चाचणी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही आहे.

इथे आग्रह धरावा असा एक मुद्दा आहे. मूल ज्या भाषेत शिकते आणि जी भाषा घरी बोलते, त्या दोन्हींत वाचन तपासले जावे. मराठी माध्यमाच्या मुलाची फक्त इंग्रजी चाचणी घेऊन काढलेला निष्कर्ष स्वीकारू नका.

एडीएचडीसाठी रक्ताची किंवा मेंदूच्या चित्राची निदान-चाचणी नाही. पालक आणि शिक्षक यांच्याकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, मुलाशी बोलणे आणि निरीक्षण यांवरून मनोविकारतज्ज्ञ किंवा बालविकासतज्ज्ञ निदान करतात. शिक्षकांनी प्रश्नावली घाईत भरली तर सगळे बिघडते. त्यांना आठवडाभर वेळ द्या.

अहवाल हाती आला की शेवटच्या पानावरचे नाव वाचून थांबू नका. ध्वनिजाणीव कशी आहे, वेग किती, कोणत्या पातळीचे वाचन येते आणि पुढे काय शिकवायचे, हे चार प्रश्न तज्ज्ञांना विचारा. उत्तर फक्त ‘सवलतीला पात्र’ एवढेच असेल, तर तो अहवाल अपुरा आहे.

शिकवणे हाच उपचार

डिस्लेक्सियावर गोळी नाही. रंगीत काचांचे चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग यांनी वाचन सुधारते असा पुरावा नाही, त्यांवर पैसे आणि, त्याहून मोलाची, मुलाची वर्षे घालवू नका. तोच धडा दहा वेळा लिहून काढायला लावणे किंवा शाळेसारखीच आणखी एक शिकवणी लावणे यानेही काही साधत नाही. जे एकदा कळले नाही तेच पुन्हा तसेच समोर येते.

उपयोगी पडते ते आवाजापासून सुरू होणारे, पायरीपायरीने जाणारे, भरपूर उजळणीचे शिकवणे. विशेष शिक्षक ते करतात, आणि घरी त्याला जोड देता येते. सुरुवात कागदाशिवाय. ‘गाडी’तला पहिला आवाज बदलून साडी, माडी, वाडी, ताडी. ‘कमळ’मधले मधले अक्षर काढले तर काय उरते? गाण्याच्या भेंड्या यासाठी उत्तम, कारण शेवटचे अक्षर कानाने पकडावे लागते.

मग एका वेळी एक चिन्ह. ‘उकार’ घेतला तर आवाज तोंडाने म्हणायचा, बोटाने रव्याच्या ताटात किंवा पाटीवर गिरवायचा, उकाराचे सुटे शब्द वाचायचे, तेच ऐकून लिहायचे. भ आणि म एकाच आठवड्यात शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावर दुसरे. रफार शिकवताना शब्द सावकाश तोडून म्हणावा, ‘ग-र्-दी’, म्हणजे ‘र’ कुठे ऐकू येतो ते आधी कळते आणि मग तो कुठे लिहायचा ते.

वेगासाठी तोच छोटा परिच्छेद तीन-चार दिवस वाचून घ्या. पहिल्या दिवशी आपण वाचा, मुलाने बोट ठेवून ऐकावे, मग दोघांनी मिळून, मग त्याने एकट्याने. वीस मिनिटे पुरे. रविवारी दोन तास बसवण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे कितीतरी जास्त देतात. आणि वाचन कच्चे आहे म्हणून गोष्टी, विज्ञान, इतिहास त्याच्यापासून तोडू नका. ते वाचून दाखवा. नाहीतर वाचन सुधारेपर्यंत शब्दसंपत्ती आणि ज्ञान मागे पडते, आणि मग ती दुसरी अडचण उभी राहते.

एडीएचडीच्या उपचाराची वाट वेगळी. सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचे प्रशिक्षण: एका वेळी एकच सूचना, जवळ जाऊन, नजर मिळवून, चांगले वागले की त्याच क्षणी, नेमक्या शब्दांत कौतुक, दिवसाचा क्रम भिंतीवर चित्रांत लावलेला. वर्गात पुढच्या बाकावर जागा, काम छोट्या तुकड्यांत, मध्ये उठून खडू आणण्यासारखे काम. साखर खाल्ल्याने मूल अतिचंचल होते हा समज चाचण्यांत टिकलेला नाही.

मोठ्या मुलांत त्रास जास्त असेल तर डॉक्टर औषध सुचवतात. मेथिलफेनिडेट तासाभरात काम करू लागते आणि काही तासांत उतरते. ॲटोमॉक्सेटिनचा पूर्ण परिणाम यायला काही आठवडे लागतात. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे हे परिणाम होऊ शकतात, म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब यांची नोंद ठेवली जाते. ‘सवय लागेल’ ही भीती पालकांच्या मनात घट्ट असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या औषधाने मूल व्यसनाकडे वळत नाही. मात्र औषधाने वाचायला येत नाही. ते मुलाला बसते करते, शिकवावे आपल्यालाच लागते.

प्रमाणपत्र आणि परीक्षा

अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मधल्या 21 प्रकारांत आहे. एडीएचडीचे वेगळे नाव त्या यादीत नाही, त्यामुळे फक्त एडीएचडी असलेल्या मुलाच्या सवलतींविषयी आपल्या परीक्षा मंडळाचा नियम स्वतंत्रपणे विचारून घ्यावा लागतो. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांपासून मिळावे, 14 व्या आणि 18 व्या वर्षी फेरतपासणी व्हावी आणि 18 व्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र कायम चालावे, अशी तरतूद होती; सध्याचा नियम तपासणी केंद्रात विचारून घ्या.

महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेतल्या सवलती 1996 मध्ये, देशात सर्वांत आधी, दिल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणे, भाषा आणि गणित यांत पर्याय अशा त्यांच्या तऱ्हा आहेत. कोणती सवलत घ्यायची, हे अहवाल पाहून ठरवा. वेग कमी असलेल्या मुलाला जादा वेळ लागतो, लेखनिकाची गरज नसते. आणि लेखनिक घ्यायचाच असेल तर सांगून लिहवण्याचा सराव वर्षभर आधीपासून हवा.

सर्वांत जास्त वाईट वाटते ते नववीच्या दिवाळीनंतर प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या रांगांचे. ज्या मुलाला तिसरीत शिकवता आले असते, ते सहा वर्षे ‘ढ’ म्हणवून घेत आलेले असते. वेळ वाढवून मिळतो, पण वाचन तिथेच असते.

मोठी माणसे

मुलाच्या चाचणीच्या वेळी प्रश्नावली भरता भरता पुष्कळ आईबाबा थांबतात आणि म्हणतात, ‘हे तर माझेच आहे.’ तसे असूही शकते, कारण दोन्ही अडचणी घराण्यात चालतात.

प्रौढांत वाचनाची अडचण लपलेली असते. बँकेचा अर्ज घरी नेऊन भरणे, सभेत मोठ्याने वाचायची पाळी टाळणे, लांब निरोपाला आवाजी निरोपाने उत्तर देणे, खात्याची परीक्षा असलेली बढती नाकारणे. या वयातही पद्धतशीर शिकवण्याने वाचन सुधारते. सोबत साधने वापरावीत: फोन मजकूर मराठीतून वाचून दाखवतो, बोललेले मराठीत टंकून देतो. छापील पुस्तक वाचणे ज्यांना अवघड जाते त्यांच्यासाठी 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय आहे.

एडीएचडी मोठेपणी दिसायला बदलते. धावपळ कमी होते आणि आतली अस्वस्थता उरते. बिले वेळेवर भरली जात नाहीत, किल्ल्या सापडत नाहीत, काम शेवटच्या रात्रीवर जाते, समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी उत्तर दिले जाते. नोकऱ्या बदलतात, घरात कुरबुरी होतात. वयाच्या 17 वर्षांपासून पुढे सहाऐवजी पाच लक्षणे पुरतात, पण बाराव्या वर्षाआधीची सुरुवात दाखवावी लागते. अलीकडेच, ताणाच्या काळात किंवा फोनच्या अतिवापरानंतर सुरू झालेला विसराळूपणा म्हणजे एडीएचडी नव्हे. नैराश्य, चिंता, अपुरी झोप, थायरॉइड आणि दारू यांतूनही हेच चित्र तयार होते, म्हणून समाजमाध्यमांवरची चाचणी सोडवून स्वतःचे निदान करू नये.

तज्ज्ञांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मिळाली तर घेऊन जा; त्यांतले शिक्षकांचे शेरे मोठा पुरावा ठरतात. आई, मोठी बहीण किंवा लहानपणापासून ओळखणारे कोणी सोबत असावे, कारण आपले बालपण आपल्यापेक्षा त्यांना नीट आठवते. घरात कोणाला वाचनाचा किंवा लक्षाचा त्रास होता का, ते विचारून ठेवा. चालू औषधांची यादी लिहून न्या, रक्तदाब आणि हृदयाचे आजार न विसरता सांगा. जवळ मनोविकारतज्ज्ञ नसतील तर ‘टेलि-मानस’च्या 14416 या शासकीय क्रमांकावर मराठीतून बोलता येते, आणि कुठे जायचे ते तिथे सांगतात.